धवलेरीची गाणी आणि तारपा यांच्या नोंदीसाठी अनुदान: कुठे मागावं, अर्जात काय लिहावं?

कूड_आणि_गेरू

नमस्कार. विक्रमगड-जव्हार पट्ट्यातल्या तीन वारली पाड्यांवर एक काम करायचं ठरतंय. लग्नात चौक (भिंतीवरचं लग्नाचं चित्र) लिहिताना धवलेरी, म्हणजे लग्नाचे विधी करणारी बाई, जी गाणी म्हणते त्यांचं ध्वनिमुद्रण आणि शब्दांकन, शिवाय तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य तयार करण्याची रीत पहिल्यापासून शेवटपर्यंत टिपून ठेवणं. गाणी येणाऱ्या तीन धवलेरी तयार आहेत, तिघीही साठीच्या पुढच्या. तारपा करणारे एक बाबा आहेत. गटात आम्ही पाच जण, सगळे त्याच पाड्यांवरचे. संस्था नोंदवलेली नाही.

मुदत वर्षभराची धरली आहे. 4 लाखांचा कच्चा अंदाज असा: कॅमेरा आणि लेन्स 1,60,000, प्रवास 50,000, पुस्तक छपाई 1,00,000, मानधन 30,000, इतर 60,000.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. नोंदणी नसलेल्या गटाला कुठे अर्ज करता येतो? अंदाजपत्रकात काय चुकतंय? आणि काही गाणी लग्नाबाहेर म्हणायची नाहीत असं धवलेरी सांगतात, त्यांचं काय करायचं?

सागवान_७

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. दारं बरीच आहेत, पण प्रत्येक दारातून वेगळ्या कामाला पैसा मिळतो. ते न बघता एकच अर्ज चार ठिकाणी पाठवला की चारही ठिकाणांहून परत येतो.

व्यक्तीच्या नावावर मिळणारं एक म्हणजे केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची फेलोशिप. ती सीसीआरटी (सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र) या संस्थेमार्फत चालते. वय 25 ते 40 असेल तर कनिष्ठ, महिना 10,000 रुपये. 40 च्या पुढे ज्येष्ठ, महिना 20,000. मुदत दोन वर्षं आणि पैसे सहामाही हप्त्यांनी. म्हणजे कनिष्ठला एकूण 2,40,000. हे एका माणसाच्या अभ्यासासाठी असतं. धवलेरींचं मानधन, यंत्रं, प्रवास यांना वेगळी रक्कम नाही, सगळं त्यातूनच भागवायचं. गटातल्या कुणी एकाने शब्दांकन आणि अर्थ लावण्याचा भाग घेतला तर त्याला हे चांगलं. संपूर्ण प्रकल्पाला पुरणार नाही.

तारपा शिकवायचा असेल तर विभागीय सांस्कृतिक केंद्राची गुरु-शिष्य परंपरा योजना बघा. महाराष्ट्र उदयपूरच्या पश्चिम केंद्रातही आहे आणि नागपूरच्या दक्षिण-मध्य केंद्रातही. पालघरच्या मंडळींनी उदयपूरकडे आधी विचारावं. गुरूला महिना 7,500, साथीदाराला 3,750 आणि शिष्याला 1,500 असे दर आहेत. तारप्याला साथीदार लागत नाही असं धरलं तर बाबा आणि सहा पोरं मिळून महिन्याला 16,500, सहा महिन्यांचे 99,000. यातून ध्वनिमुद्रण होणार नाही, पण सहा पोरांच्या हाती वाद्य येईल. माझ्या मते नोंदीइतकंच हेही महत्त्वाचं आहे, म्हणून दोन्ही अर्ज वेगवेगळे करा.

तुमच्या मुख्य कामाला सगळ्यात जवळचं दार मला बंगळूरुच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सचं वाटतं. 1995 पासून ते कलांच्या संशोधनाला अनुदान देत आले आहेत, आणि अर्ज इंग्रजीतच पाहिजे अशी अट नाही, मराठीत लिहिलेला चालतो. त्याचा फायदा घ्या. इंग्रजीत नेताना 'चौक लिहिणं'चं 'चित्र काढणं' होऊन जातं आणि अर्जाचा जीवच जातो. चौक लिहितात, काढत नाहीत. हे एक वाक्य समजावून सांगितलंत तर वाचणाऱ्याला कळेल की अर्ज आतल्या माणसाचा आहे.

पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेशी आणि जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाशी पत्रव्यवहार सुरू ठेवा. मोठ्या अनुदानाची आशा धरून नव्हे. त्यांच्याकडून आलेलं एका पानाचं पत्रही पुढच्या अर्जाला जोडता येतं.

वयस्कर कलावंतांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज मानधन योजना आहे, महिना 5,000 रुपये. ती प्रकल्पाची योजना नव्हे, पण तिन्ही धवलेरी आणि बाबा वयाच्या अटीत बसतात. कला किती वर्षं जोपासली याचा पुरावा लागतो आणि उत्पन्नाचा दाखलाही. गटाने हे चार अर्ज आधी भरून द्यावेत. तुमचं अनुदान वर्षात संपेल, हे मानधन पुढेही चालू राहील.

हिशेबवही

नोंदणीबद्दल थोडं. सात सदस्य जमवून धर्मादाय कार्यालयात संस्था नोंदवता येते, पण नुसत्या प्रमाणपत्रावर लगेच काही मिळत नाही. संस्थांसाठीच्या बहुतेक सरकारी योजनांत तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद आणि दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलचा क्रमांक लागतो. तेव्हा या वर्षीचा अर्ज व्यक्तीच्या नावाने करा, किंवा ओळखीच्या नोंदणीकृत संस्थेच्या आधाराने. संस्थेचा आधार घेतलात तर करार लेखी करा: पैसा कुणाच्या खात्यात येणार, संस्था व्यवस्थापनाचे किती टक्के ठेवणार, यंत्रं शेवटी कुणाकडे राहणार, आणि ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणून नाव कुणाचं लागणार. शेवटच्या मुद्द्यावर खाली कुणीतरी सविस्तर लिहावं, तो सगळ्यात महागात पडणारा आहे.

आता अंदाजपत्रक. तुमच्या 4 लाखांत कॅमेऱ्याला 1,60,000 आणि ज्यांच्याकडे गाणी आहेत त्यांना सगळ्यांना मिळून 30,000. परीक्षक याच ओळीवर थांबतो. काम आवाजाचं आहे, कॅमेरा भाड्याने आणा. तारपा बनवण्याचे आठ-दहा दिवस आणि चौकाचे दोन-तीन प्रसंग, एवढ्यासाठीच तो लागतो.

रक्कम तीच ठेवून मी असं मांडेन. तीन धवलेरी, प्रत्येकीच्या 20 बैठका, बैठकीला 1,000 प्रमाणे 60,000. बाबांचे 15 दिवस, रोज 1,200 प्रमाणे 18,000. शब्दांकनाला 60,000: 20 तासांचं पक्कं ध्वनिमुद्रण, तासाला 15 तासांची मेहनत, मेहनतीच्या तासाला 200 रुपये. हा आकडा बघून लोक दचकतात, पण गाण्यातले जुने शब्द, मध्येच गिळलेली अक्षरं, पुन्हा धवलेरीकडे जाऊन विचारणं हे सगळं धरलं तर 15 तासही कमीच पडतात. ध्वनिमुद्रक, दोन माइक, वाऱ्याचं आवरण आणि कॅमेऱ्याचं भाडं मिळून 35,000. दोन हार्ड डिस्क 12,000. प्रवास 30,000. समन्वय महिना 8,000 प्रमाणे 96,000. पुस्तिका 300 प्रतींची, 45,000. तिन्ही पाड्यांवर काम परत ऐकवण्याची एकेक बैठक, जेवणासकट 8,000 प्रमाणे 24,000. लेखापरीक्षण 10,000 आणि अकल्पित 10,000. बेरीज बरोबर 4,00,000 होते.

'इतर 60,000' ही ओळ कुठल्याही अर्जात ठेवू नका. तिच्यावर पहिली कात्री चालते.

बैठकीचे 1,000 म्हणजे पूर्ण दिवसाचे धरा, गाणं अर्ध्या तासाचं असलं तरी. त्या दिवशी बाईचा रोज बुडतो, आणि आवणीच्या (भात लावणीच्या) दिवसांत बैठक ठेवलीत तर घरचंच काम अडतं.

मेण_आणि_भोपळा

तारप्याच्या वेळापत्रकाकडे कुणी बघितलेलं दिसत नाही. बहुतेक अर्ज इथेच फसतात, म्हणून लिहितो.

तारप्याला लागतो वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, त्यांत बसवायच्या जिभळ्या (फुंकलं की कंप पावून आवाज काढणाऱ्या पट्ट्या), सांधे बुजवायला मेण आणि तोंडाला ताडाच्या पानाचा कर्णा. वेल पावसाळ्यात वाढतो, फळ वेलीवरच जून होऊ द्यावं लागतं, नंतर ते कडक वाळेपर्यंत महिने जातात. आणि तारपा वाजतो तो नवं भात तयार होण्याच्या दिवसांत. अनुदानाचा पहिला हप्ता मार्चच्या शेवटी आला आणि तुम्ही 'एप्रिल: तारपा निर्मिती, मे: वादन' असं लिहून बसला असाल, तर एप्रिलमध्ये हाती चांगला भोपळा नसतो आणि मेमध्ये वाजवायला बाबा राजी नसतात. त्यांना वेळेबाहेर वाजवायचा आग्रह करू नये.

म्हणून वेळापत्रकात महिने न लिहिता हंगाम लिहा. 'पहिला हप्ता मिळाल्यानंतरचा पहिला लग्नहंगाम', 'त्यानंतरचं भात' असं. अनुदान देणाऱ्यांना हे समजतं, फक्त अर्जात दोन ओळींत कारण द्यावं लागतं. भोपळे आदल्या वर्षीच राखून ठेवायला सांगा. दोन तारपे करायचे तर निदान सहा भोपळे हवेत. काही तडकतात, काही आतून किडलेले निघतात, काहींची मान फुंकायला बरोबर येत नाही. बिघडलेले फेकू नका. का बिघडले हे बाबा हातात घेऊन सांगतात ते मुद्रित करा. शिकणाऱ्याला चांगल्या तारप्यापेक्षा त्यातूनच जास्त कळतं.

जिभळीचं काम अगदी जवळून टिपा. बाबा ती किती खरवडतात, फुंकून बघतात, पुन्हा खरवडतात, कानावर काय आलं की थांबतात. लांबून घेतलेल्या चित्रणात नुसती बोटं हलताना दिसतात. मेण कितपत मऊ करायचं हेही लांबून कळत नाही. कॅमेरा हाताच्या उंचीवर, उजेड खिडकीचा, आणि माइक वेगळा जवळ ठेवलेला.

आवाज 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, वेव्ह फाइलमध्ये घ्या. दोन वाहिन्यांचा एक तास साधारण 1 जीबी होतो, म्हणजे 20 तास सहज मावतात. एमपी३ करून जागा वाचवण्यात अर्थ नाही. फोनवर घेऊन व्हॉट्सअॅपवरून पाठवलेली फाइल मूळ प्रत म्हणून धरू नका, तिचा आवाज दाबलेला असतो.

प्रत्यक्ष लग्नात ध्वनिमुद्रण करणार असाल तर डीजेचा आवाज कुडातून आत येतो हे गृहीत धरा. चौक लिहिण्याची जागा घरात असते, तिथे सवासिनी तांदळाच्या पिठाने लिहीत असतात आणि धवलेरीच्या मागोमाग बायका ओळ धरतात. एक माइक धवलेरीपाशी, दुसरा बायकांच्या बाजूला. दोन्ही आवाज वेगळे राहिले तर शब्दांकन करणाऱ्याचे दिवस वाचतात. दिवे लावून जागा अडवू नका. शब्द अस्पष्ट राहिले तर ते गाणं नंतर धवलेरीला ऐकवून तिच्याकडूनच सांगून घ्या. 20 बैठकांपैकी निम्म्या याच कामाला ठेवा.

पाचवी_ओटी

तिसऱ्या प्रश्नावर. ताई-दादा, या प्रश्नाचं उत्तर अर्ज भरण्याआधी ठरवायचं आहे, पैसे आल्यानंतर नाही.

कायदा आधी समजून घ्या. परंपरेने आलेल्या, कर्ता माहीत नसलेल्या गाण्यावर स्वामित्वहक्क (कॉपीराइट) कुणाचाच लागत नाही. पण त्याच गाण्याचं ध्वनिमुद्रण केलं की 1957 च्या कायद्याने त्या ध्वनिमुद्रणावर हक्क तयार होतो, 60 वर्षांचा, आणि तो असतो निर्मात्याचा. म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली त्याचा. धवलेरीकडे उरतो तो सादरकर्तीचा हक्क, 50 वर्षांचा. आधार देणारी संस्था 'निर्माता' म्हणून लागली तर पाड्यावरच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण कायद्याने तिचं झालं. कुणाची दुष्ट बुद्धी लागत नाही, करारातल्या एका ओळीने हे होतं.

चित्रफितीत आणखी एक अडचण आहे. सादरकर्तीने चित्रपटासाठी लेखी संमती दिली की निर्मात्याच्या वापराला तिला हरकत घेता येत नाही, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. व्यावसायिक वापराचा मोबदला मागता येतो, पण थांबवता येत नाही. म्हणून संमतिपत्रात हे 'वेगळं' लिहाच: कुठला वापर चालेल, कुठल्या वापराला पुन्हा विचारावं लागेल, आणि संमती मागे घ्यायची तर कुणाला सांगायचं.

संमती दोन थरांत घ्या. पहिली त्या बाईची स्वतःची, वारलीत वाचून दाखवून, आणि वाचून दाखवलेलं मुद्रित करून. अंगठा असेल तर शेजारी तिच्या घरच्या माणसाची सही. दुसरी ग्रामसभेची. हे अनुसूचित क्षेत्र आहे, आणि अशा आदिवासी क्षेत्रांतल्या ग्रामसभांसाठीच्या पेसा कायद्याच्या कलम 4(ड) मध्ये रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. तुमचा पाडा स्वतंत्र गाव म्हणून घोषित असेल तर त्या पाड्याचीच ग्रामसभा पुरते. ठरावात कामाचं नाव, मुदत, प्रत कुणाकडे राहणार आणि कुठला भाग बाहेर जाणार नाही एवढं आलं पाहिजे. 'ना हरकत आहे' एवढ्याच ओळीचा ठराव घेऊ नका. त्याचा अर्थ पुढे कुणीही कसाही लावेल. ठरावाची नक्कल अर्जाला जोडा. परीक्षकाला पाडा तुमच्या मागे उभा असल्याचं दिसतं.

आता लग्नाबाहेर न म्हणायची गाणी. तीन कप्पे करा. सगळ्यांना खुली, फक्त पाड्यावर ऐकायची, आणि मुद्रित करायचीच नाहीत. कप्पा धवलेरी ठरवेल, तुम्ही नाही. तिसऱ्या कप्प्यातल्या गाण्याची फक्त नोंद राहील: असं गाणं आहे, या वेळी म्हणतात, या धवलेरीला येतं. अर्जातच लिहा की 20 तासांपैकी काही भाग बंद राहील आणि अनुदान देणाऱ्याच्या संग्रहात फक्त खुला भाग जाईल. हे आधी लिहिलेलं असलं तर मान्य होतं. शेवटच्या अहवालात सांगायला गेलात तर तेच 'काम अपुरं' म्हणून धरलं जातं.

ओघात औषधी झाडपाल्याची किंवा सुईणीच्या कामाची माहिती मुद्रित झाली तर ती फाइल वेगळी काढा. ती या अनुदानाचा भाग नाही. एकदा खुली झाली की तिच्यावर गावाचा ताबा राहत नाही. तिची जागा ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीत आहे का, आणि तिथेही किती उघड करायची, हे गावाला ठरवू द्या.

कूड_आणि_गेरू

सगळ्यांचे मनापासून आभार. अंदाजपत्रक पूर्ण बदलतो. एक राहिलं. तारप्याच्या भागासाठी ब्रिटिश म्युझियमच्या एका योजनेबद्दल कळलं, लुप्त होत चाललेल्या वस्तूंच्या ज्ञानाची नोंद करायला ते पैसे देतात. बाहेरचा पैसा घेता येईल का?

हिशेबवही

योजना खरी आहे आणि तारपा बनवण्याची रीत तिच्यात नेमकी बसते. छोटं अनुदान 15,000 पौंडांपर्यंत असतं. पण दोन गोष्टी. एक, तिथला सगळा माल खुल्या संग्रहात जातो, तेव्हा फक्त तारपा द्या, धवलेरीची गाणी त्यात घालू नका. दुसरी, परदेशी देणगी नियमन कायदा. सांस्कृतिक कामासाठी परदेशातून आलेला पैसा नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही, आणि नवीन संस्थेला नोंदणी मिळायला तीन वर्षांचं काम आणि त्यात किमान 15 लाखांचा खर्च दाखवावा लागतो. नोंदणी असलेल्या संस्थेने पैसा घेऊन तुम्हाला वर्ग करायचा म्हटलं तर तेही 2020 च्या दुरुस्तीनंतर बंद आहे. संस्थेने प्रकल्प स्वतःचा म्हणून चालवायचा आणि बाबांना, तुम्हाला मानधन थेट द्यायचं, एवढीच वाट उरते. त्या वाटेने निर्माता कोण हा पाचवी_ओटींचा मुद्दा पुन्हा उभा राहतो. पहिल्या वर्षी देशातल्याच पैशावर काम करा.

हिशेबाचं आत्ताच सांगून ठेवतो. अनुदानाला वेगळं बचत खातं काढा. सरकारी पैसा असेल तर त्यावरचं व्याजही परत भरावं लागतं आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामालाच खर्च झाल्याचा दाखला) सरकारी वित्तीय नियमांतल्या 12-अ नमुन्यात द्यावं लागतं. ते अडलं की दुसरा हप्ता अडतो. मानधन बँकेतून द्या. धवलेरींची पासबुकं आत्ताच बघून घ्या, कारण आधारवर एक नाव आणि पासबुकावर दुसरं, केवायसी राहिलेली, खातं बंद पडलेलं, हे हमखास निघतं आणि दुरुस्तीला महिना जातो. रोख दिलंच तर पावती तिथल्या तिथे लिहा, आणि 5,000 च्या वर असेल तर एक रुपयाचं महसुली तिकीट लावा. ध्वनिमुद्रक आणि डिस्क मालमत्ता-नोंदवहीत चढवा. त्या प्रकल्प संपल्यावर पाड्यावर राहाव्यात असं अर्जातच मागा.

मेण_आणि_भोपळा

फाइलच्या नावाचंही आजच ठरवा. तारीख, पाडा, म्हणणारीचं नाव, गाण्याचा प्रसंग, कप्पा, या क्रमाने. 'न्यू रेकॉर्डिंग 14' अशा शंभर फाइली झाल्या की कुठलं गाणं कुणाचं हे नंतर त्या बाईलाच विचारावं लागतं.

डिस्कच्या दोन प्रती एकाच घरात ठेवू नका. पाड्यावरच्या प्रतीला घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या लागतील, आपल्याकडच्या पावसात चार महिने उघडी राहिली तर भरवसा नाही. दर वर्षी भात झोडून झाल्यावर डबा उघडायचा, डिस्क लावायची आणि तिन्ही पाड्यांची एकेक फाइल पूर्ण ऐकून बघायची. हे काम गटातल्या एकाच्या नावाने लिहून ठेवा.

पाचवी_ओटी

आणि पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर धवलेरींची नावं लेखक म्हणून घाला. आत 'ऋणनिर्देश' या पानावर नव्हे.